नवीन शहर, ओळखीचं कुत्रंही नाही, जिमचा कंटाळा. काय करू?

ठेचा_भाकर
नमस्कार मंडळी. एप्रिलात अमरावतीहून पुण्यात आलो. बदली माझी, मागोमाग नवरा आणि लेक. राहायला कर्वेनगर. लेकीची शाळा, गॅस, दूधवाला, कामाच्या मावशी सगळं मार्गी लागलं, मीच तेवढी राहिले. तिकडे जेवणं झाली की आम्ही चौघी छत्री तलावाकडे चालायला जायचो, चालणं कमी बोलणं जास्त, पण दहा वर्षं चाललं ते. इथं तीन महिन्यांत चार किलो वाढले आणि ऑफिसबाहेर एका माणसाशी धड बोलले असेन तर शप्पथ.

काय काय करून झालं ते आधीच सांगते, म्हणजे परत तेच सुचवू नका. जिम: वर्षाचे पैसे एकदम भरले, कारण "मॅडम, तीन महिन्यांचं महागात पडतं". अकरा दिवस गेले. ट्रेडमिलसमोर आरसा, आरशात मी, ह्यात कोणाला काय मजा येते देव जाणे. ऑनलाइन योगा: पाचव्या दिवशी कॅमेरा बंद करून शवासनातच झोपले, जाग आली तेव्हा क्लास संपून गेलेला. सोसायटीतला झुंबा: सगळ्या आधीच्या मैत्रिणी, उभं राहायच्या जागासुद्धा ठरलेल्या. मी चुकून एकीच्या जागेवर उभी राहिले, ती बोलली काहीच नाही, पण बघितलं असं की दुसऱ्या दिवशी गेलेच नाही मी.

तर मला असं काहीतरी हवंय की ज्याला जायची वाट बघावीशी वाटेल. व्यायाम झाला तर उत्तम, नाच, चित्रं, मातीकाम, काहीही चालेल. वय ३८. लहानपणी दोनतीन वर्षं दोरीच्या मल्लखांबावर होते, त्यानंतर अंगाला वळण म्हणून नाही. अटी दोनच, घरापासून स्कूटीने वीस मिनिटांच्या आत, आणि आठवड्यातून दोनतीनदाच. तुम्ही नवीन गावी गेलात तेव्हा काय केलंत?

कोथरूडकर_जुना
टेकडी. विषय संपला.

ठेचा_भाकर
कोणती काका? इथं तर जिकडे पाहावं तिकडे टेकडीच हाय बाप्पा.

कोथरूडकर_जुना
काका कशावरून? (आहे. पण कशावरून?)

तुम्हाला म्हातोबाची टेकडी जवळ. दम वाढला की वेताळ टेकडी, शहरातली सगळ्यात उंच, वर खाणीच्या बाजूला सकाळी मोर दिसतात. पर्वती पण आहे, १०३ पायऱ्या, पण त्या चढून होतात पटकन आणि मग लोक खाली येऊन वडापाव खातात. रविवारी सिंहगड, आतकरवाडीतून, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. उतरेपर्यंत कॅलरीचा हिशोब जिथल्या तिथे.

ओळखीचं म्हणाल तर तीन आठवडे एकाच वेळेला जा. पहिल्या आठवड्यात कोणी बघणार नाही. दुसऱ्यात मान हलवतील. तिसऱ्यानंतर एखादा दिवस दांडी मारून बघा, दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणेल "काल दिसला नाहीत". झाली ओळख. पुणेकराला त्याआधी नमस्कार केलात तर तो घाबरतो. आणि अंधार पडल्यावर एकटीने वर थांबू नका, हे मात्र गंमत म्हणून सांगत नाहीये.

चहाबाज
"काल दिसला नाहीत" हा पुण्यातला सर्वोच्च नागरी सन्मान आहे. मला आठ वर्षांत दोनदा मिळालाय.

निशिगंधा
ठेचा, मंगळागौरीचा ग्रुप शोध. हसू नकोस, आधी मीपण हसले होते. सांगलीहून पुण्यात आले तेव्हा मी ४६ ची, मुलगा होस्टेलला, नवरा दिवसभर बाहेर. शेजारच्या इमारतीतल्या एक वहिनी म्हणाल्या आमच्यात एक बाई कमी पडतेय, उभी तरी राहा. मी म्हटलं उभं राहायला काय जातंय, गेले. पहिल्या दिवशी बसफुगड्या घातल्या दहाबारा. दुसऱ्या दिवशी कमोडवर बसता येईना आणि बसलं की उठता येईना, असा प्रकार. झिम्मा, पिंगा, जातं, कोंबडा, गाठोडं, एकेक खेळ म्हणजे एकेका स्नायूची परीक्षा आहे, आणि हे सगळं गाणी म्हणत करायचं. उड्या मारताना गाऊन बघ एकदा, कार्डिओ कशाला म्हणतात ते कळेल.

आमचा सराव मे महिन्यापासून, श्रावणात एकेका दिवशी दोन-दोन ठिकाणी कार्यक्रम, शिवलेली नऊवारी घालायची म्हणजे सुटायची भीती नाही. मानधन मिळतं ते जमवून वर्षातून एक सहल. गुडघे दुखत असतील तर बसून खेळायचे प्रकार टाळ किंवा मागे उभं राहून गायला लाग, गाणारीची टंचाई कायम असते.

रानवाटा
@निशिगंधा, छान आहे पण तिथेही सगळ्या जुन्या मैत्रिणीच असणार ना? ठेचाताईंचं दुखणं तेच आहे.

निशिगंधा
असतात की. पण झुंब्यात प्रत्येकीचं तोंड सरांकडे. शेजारी कोण आहे काही फरक पडत नाही, तू गेलीस काय नि आलीस काय. फुगडीला दोघी लागतात, समोरचीचे हात धरावेच लागतात आणि एकीने सोडले तर दोघी आपटतात. आता जिच्या भरवशावर तू मागे रेललीस ती किती दिवस अनोळखी राहील? पहिल्याच आठवड्यात मला आमच्या ग्रुपमधल्या सहा जणींच्या सासवांची नावं पाठ होती.

चहाबाज
झुंब्यावरून आठवलं. तो कोलंबियातला बेटो पेरेझ, एरोबिक्सच्या क्लासला गेला आणि नेहमीची कॅसेट घरीच राहिली, मग गाडीतल्या साल्सा-मेरेंगेच्या कॅसेट लावून वेळ मारून नेली आणि त्यातून झुंबा निघाला असं सांगतात. आपण वही घरी विसरलो की फक्त अंगठे धरून उभे राहायचो.

ढोलवेडा_२२
ताई जुलै चालू आहे म्हणजे पथकांचे सराव सुरू झालेत!!! सोडा सगळं आणि ढोल हातात घ्या. कर्वेनगरपासून नदीपात्र किती लांब आहे, संध्याकाळी आवाजाच्या दिशेने गाडी काढा, पोहोचाल. नवीन लोकांना घेतात, फॉर्म भरायचा, आधी रिकाम्या हाताने किंवा टायरवर टिपरू मारून हात (म्हणजे ठेके) शिकवतात मग ढोल देतात. पहिला आठवडा कंबर जाते, दुसरा आठवडा खांदा, डाव्या हाताचा पंजा सुजतो, बोटांना चिकटपट्टी लावावी लागते, आणि मग एक दिवस पन्नास ढोल एकदम एका हातावर पडतात आणि छातीत जे काही होतं ना ते जिममध्ये दहा वर्षं गेलात तरी होणार नाही. वयाची काळजी नको, आमच्याकडे पंचावन्नच्या काकू ध्वज नाचवतात. मी स्वतः लातूरहून आलो तेव्हा कोणालाच ओळखत नव्हतो, आता माझ्या लग्नाला अर्धं पथक येणार आहे (मुलगी बघणं चालू आहे).

खडूस_आजोबा
आणि नदीकाठी राहणाऱ्यांनी काय करायचं तेही सांगा की. जुलैपासून अनंत चतुर्दशीपर्यंत रोज संध्याकाळी आमच्या घरातली भांडी आपोआप वाजतात. बायकोला बीपी आहे. नवीन माणसाला छंद लागावा म्हणून जुन्या माणसाने कान गमवायचे हा कुठला न्याय?

ढोलवेडा_२२
आजोबा वर्षातले दोन महिने तर असतात. आणि आम्ही नऊला बंद करतो.

खडूस_आजोबा
तुमच्या पथकाचं घड्याळ मागे आहे मग.

बाणेर_ते_बुधवार
मुद्दा दोघांचा बरोबर आहे. २०२४ ला हरित लवादाने एका पथकात ३० जणांची मर्यादा घातली होती, ती सुप्रीम कोर्टाने सप्टेंबरात स्थगित केली. पण कोर्ट काहीही म्हणो, वादकांनी स्वतः इअरप्लग घालावेत हे मी माजी वादक म्हणून सांगतो. सात वर्षं वाजवलं, आता शांत खोलीत बसलं की डाव्या कानात बारीक शिट्टी वाजते. त्या वेळी कापूस घालणाऱ्याला आम्ही हसायचो.

खडूस_आजोबा
कोर्टाने मर्यादेला स्थगिती दिली, माझ्या कानठळ्यांना नाही दिली.

व्यवस्थापक
ढोल आणि आवाज यावर वेगळा धागा आहे (दर वर्षी असतो), तिकडे भांडा. इथे मूळ प्रश्नावर या. तसेच नवीन_सभासद_७ यांचा "ऑफर फक्त रविवारपर्यंत" हा प्रतिसाद जाहिरात असल्याने उडवला आहे.

तिहाई
मी सांगते, मी ४१ व्या वर्षी कथक सुरू केलं. कोल्हापूरहून इथे आले तेव्हा मला कोणी ओळखत नव्हतं हाच फायदा झाला, तिकडे केलं असतं तर अख्ख्या गल्लीने "आता काय झालं हिला" म्हटलं असतं. पुण्यात कथक शिकवणाऱ्या एवढ्या आहेत की बास, रोहिणीताई भाट्यांनी १९४७ साली इथे नृत्यभारती काढली, त्यांच्या शिष्या, शिष्यांच्या शिष्या, प्रत्येक पेठेत एकतरी सापडेल. विचारताना एकच विचारायचं: मोठ्यांची वेगळी बॅच आहे का? मी हे विचारलं नाही आणि पहिले चार महिने सात-आठ वर्षांच्या मुलींबरोबर तत्कार (पायांचे ठेके) केले. त्या मला "काकू तुमचा उजवा पाय चुकतोय" सांगायच्या. बरोबर सांगायच्या.

आता खरं खरं. पहिले दोन महिने नाच असा काही नसतोच. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत, एवढंच, एकपट, दुप्पट, पायाचे तळवे आग आग. घुंगरू लगेच मिळत नाहीत. कोटा फरशीवर क्लास असेल तर टाचा धरतात, खाली लाकूड किंवा निदान जाड सतरंजी आहे का बघायचं. तिसऱ्या महिन्यात मी सोडणार होते. फी भरायची तारीख पाचला होती आणि मी चारला ठरवलं होतं नाही भरायची. चार तारखेच्याच क्लासला पहिल्यांदा तिहाई (एकच तुकडा तीनदा) बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली. आख्खा वर्ग एका पावलावर थांबला आणि त्यात मीपण होते. भरली फी. गेल्या वर्षी गांधर्व महाविद्यालयाची प्रवेशिका पूर्ण दिली, परीक्षा केंद्रावर वॉचमनने मला पालकांच्या बाकड्यावर बसवलं होतं.

मिलिंद_ठाणेकर
बायकांना फुगडी, बायकांना कथक. पुरुषाने नवीन गावी काय करायचं? कट्ट्यावर बसायचं?

मी बंगळूरला गेलो तेव्हा ऑफिसमधल्या एकाने साल्साला नेलं. जाताना मनात भलतेच विचार. तिथे बघतो तर वीस पुरुष नि नऊ मुली, उरलेल्या अकरा जणांनी हवेशी नाचायचं. पण एक गोष्ट चांगली होती, दर तीनचार मिनिटांनी जोडी बदलायची. लाजायला वेळच मिळत नाही. निशिगंधाताईंचं फुगडीचं वाचून तेच आठवलं. मला नाच आला नाही, आजही "एक दोन तीन, पाच सहा सात" मोजताना चार कुठे जातो कळत नाही, पण महिनाभरात पंधरा लोक नावाने ओळखायला लागले. जानेवारीत त्यातलेच काही चित्रसंतेला घेऊन गेले, तिथे कुमार कृपा रोड पूर्ण चित्रांनी भरतो, चित्रकला परिषदेच्या बाहेर. मी एक बैलाचं चित्र घेतलं. बायको म्हणते म्हैस आहे.

टेम्सकाठ
इंग्लंडात नवीन आलेल्यांना मी एकच सांगते, शनिवारी सकाळी नऊ वाजता जवळच्या पार्करनला जा. पाच किलोमीटर, फुकट, पळा नाहीतर चाला. २००४ ला लंडनच्या बुशी पार्कात तेरा जणांनी सुरू केलं, आता किती देशांत आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा भीती होती की आपण शेवटचे येणार आणि सगळे बघत राहणार. तर त्यांच्यात एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो, म्हणजे तुम्ही शेवटचे येऊच शकत नाही! ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माझा साष्टांग नमस्कार. माझे पहिले सहा शनिवार मी त्या मागच्या माणसाशी गप्पा मारत पूर्ण केले. सातव्या शनिवारी त्या मागच्या स्वयंसेवकाचं जाकीट मीच घातलं.

ब्रेझेल_आणि_चकली
जर्मनीत दोन दारं. एक फोक्सहोखशूल, म्हणजे गावाची मोठ्यांसाठीची शाळा, तिथे भाषेपासून मातीकामापर्यंत सगळं परवडणाऱ्या फीत. दुसरं फेराइन, म्हणजे आपलं मंडळ, पण नियमावलीसकट. मी मातीकामाला गेलो. चाकावर गोळा मध्यावर बसवायला मला पाच आठवडे लागले, तोपर्यंत प्रत्येक वाटी केंद्र सरकारसारखी एका बाजूला झुकलेली. लोक बोलत नाहीत म्हणून मी हिरमुसलो होतो. मग फेराइनमध्ये एकदा केकच्या स्टॉलवर उभं राहायची पाळी आली, मी रव्याचा केक करून नेला, त्या दिवसापासून बोलतात. कामाला लावल्याशिवाय जर्मन माणूस तुम्हाला आपला म्हणत नाही. खेळायला जाऊ नका, खुर्च्या उचलायला जा.

शिस्तप्रिय
सगळं वाचलं. मजा यायला हवी, वाट बघावीशी वाटायला हवी, हे काय फॅड आहे? दात घासताना मजा येते का? रोज पहाटे बारा सूर्यनमस्कार घाला, शून्य रुपये, शून्य मिनिटं स्कूटी. मी ३१ वर्षं घालतोय.

रानवाटा
@शिस्तप्रिय ३१ वर्षं घालताय म्हणजे तुम्हाला मजा येते. तुम्हाला ते कबूल करायचं नाहीये एवढंच.

शिस्तप्रिय
सवय आणि मजा यात फरक आहे.

तिहाई
आणि ताईंना माणसंही हवी आहेत. सूर्य नमस्कार घेतो, पण गप्पा मारत नाही.

खडूस_आजोबा
माणसंच हवी असतील तर हास्यक्लबला या. १९९५ ला मुंबईत डॉक्टर कटारियांनी पाचच जणांना घेऊन सुरू केलेलं खूळ आज प्रत्येक बागेत आहे. मला हसू येत नाही, मी नुसता तोंड उघडतो. पण नंतर कट्ट्यावर उपमा असतो.

ढोलवेडा_२२
आजोबा तुम्ही हास्यक्लबला????

खडूस_आजोबा
बायकोला बीपी आहे म्हणून तिला सोडायला जातो.

रेघोट्या
चित्रांबद्दल कोणीच बोललं नाही (बैल/म्हैस सोडून) म्हणून लिहितो. शाळेत एलिमेंट्रीला बी ग्रेड, इंटरमिजिएटला सी, मेमरी ड्रॉइंगमध्ये "बस स्टॉपवरील दृश्य" काढताना माझ्या माणसांना हात खिशात घालायला लावायचो कारण बोटं काढता येत नव्हती. पुढे वीस वर्षं पेन्सिल धरली नाही. पुण्यात नवीन असताना कळलं की अर्बन स्केचर्स म्हणून लोक आहेत, २००७ साली सिएटलमधल्या एका वार्ताहराने, गॅब्रिएल कॅम्पानारिओने, सुरू केलेलं हे, जगभर गावोगाव गट आहेत, पुण्यातही आहे. सुट्टीच्या सकाळी एखादी जागा ठरते, वाडा, देऊळ, मंडई, जो तो आपापला कोपरा धरून बसतो नि जे दिसतं ते काढतो. फी नाही, शिकवणं नाही. शेवटी सगळ्यांच्या वह्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडतात.

त्या मांडणीची मला धडकी होती. पहिल्यांदा मंडईला गेलो होतो, ती १८८६ ची इमारत, मधला तो अष्टकोनी मनोरा, मला त्याचे आठ कोन काही केल्या जमेनात, माझा मनोरा सायलोसारखा दिसत होता. शेजारी एक बाई बसल्या होत्या, साठीच्या, त्यांनी मनोरा काढलाच नव्हता. एक भाजीवाली आणि तिच्यासमोरचे लिंबांचे वाटे, बास. म्हणाल्या, मला जेवढं झेपतं तेवढंच मी बघते. तेव्हापासून मीपण लिंबंच काढतो. व्यायाम शून्य होतो हे मान्य, पण जुन्या पुण्यात पार्किंग शोधत जे चालणं होतं ते धरायचं असेल तर धरा.

ठेचा_भाकर
सगळं वाचतेय, मनापासून धन्यवाद. आतापर्यंत झालेलं: म्हातोबा टेकडीला दोनदा गेले, कोणी बघितलं नाही (काका म्हणाले तसंच). ढोलाला विचारून आले, रोज अडीच तास म्हणाले, लेकीचा अभ्यास कोण घेणार. कथकच्या एका क्लासला डेमो घेतला, मोठ्यांची बॅच दुपारी तीनला. दुपारी तीनला कोणती नोकरी करणारी बाई मोकळी असते? निशिगंधाताई, तुमच्या त्या वहिनींसारखी एखादी माझ्या इमारतीत नाहीये, इथं लिफ्टमध्ये लोक मोबाइलकडे बघतात.

दादरकर_मल्ल
कोणाच्याच लक्षात आलं नाही का? बाई पहिल्या पोस्टमध्ये दोन शब्दांत सांगून मोकळ्या झाल्यात, "दोरीच्या मल्लखांबावर होते". अहो ठेचाताई, अमरावतीच्या ना तुम्ही? ज्या गावच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडे जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं, त्या गावची बाई पुण्यात येऊन ट्रेडमिलचे पैसे भरते? शोभतं का?

मी शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात वाढलो, तिथल्या उदय देशपांडे सरांना २०२४ ला मल्लखांबासाठीच पद्मश्री मिळाली. तिथे मी परदेशातून आलेल्या मोठमोठ्या बायकांना पहिल्यांदा दोरीवर चढताना पाहिलंय. तुमचं तर अंग एकदा शिकलेलं आहे. आणि तुम्ही पुण्यात आहात, दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने बाळंभटदादा देवधरांनी ज्या पेशवाईत मल्लखांब नावारूपाला आणला त्या पुण्यात. महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून तिथे आहे, शिवाय मध्यवस्तीत जुन्या तालमी, व्यायामशाळा कितीतरी. जाऊन विचारा फक्त. वेबसाइटवर शोधू नका, अशा ठिकाणांच्या वेबसाइट नसतात, एक बाकडं आणि एक रजिस्टर असतं.

ब्रेझेल_आणि_चकली
बर्लिनचा उल्लेख वाचून ऊर भरून आला. इथे राहून मलाच माहीत नव्हतं.

ठेचा_भाकर
अहो दादरकर, तेव्हा मी ११ वर्षांची आणि २८ किलोची होते. आता दोर तुटेल.

दादरकर_मल्ल
दोर सुती आणि जाड असतो, तुटत नाही. खाली गादी असते. निमित्तं संपली.

कोथरूडकर_जुना
वर्षाची फी एकदम भरू नका मात्र.

ठेचा_भाकर
धागा वर काढतेय. अडीच महिने झाले, गणपती गेले, लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं.

गेले होते. नाव लिहीत नाही, घरापासून पंधरा मिनिटांवर जुनी व्यायामशाळा आहे, खरंच बाकडं आणि रजिस्टर. सर पासष्टीचे असतील. मी म्हटलं मोठ्यांची बॅच आहे का, (तिहाईताई, विचारलं बरं का), तर म्हणाले "नाही, पण तुम्ही आलात तर होईल". आधी मी, मग संस्कृत शिकवणाऱ्या एक मॅडम, मग बँकेतली एक मुलगी. आता आम्ही पाच जणी, सोमवार-बुधवार-शुक्रवार संध्याकाळी सात. महिन्याची फी जिमच्या एका प्रोटीनच्या डब्याहून कमी.

पहिल्या दिवशी अर्धा तास नुसती हातापायांची तयारी. मग दोर. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यात दोर धरायचा असतो, डोक्यात सगळं आठवत होतं पण बोटांना आठवेना. दोन हातांवर लटकले, मोजून चार सेकंद, नि खाली. तिकडे दहा वर्षांचे पोट्टे सरसर वर जाऊन पद्मासन घालून बसलेले. पहिले तीन आठवडे पायाच्या बेचक्यात साल निघालं, ऑफिसात चप्पल घालून बसत होते, साहेबांनी विचारलं शुगर आहे का. शिस्तप्रिय काका, तुमची आठवण आली. खांदे धरले की सूर्यनमस्कार घालायला लावतात, तुमच्यासारखेच बारा, आणि हो, अजिबात मजा येत नाही.

मग सहाव्या आठवड्यात साधी अढी लागली. म्हणजे काय ते दादरकरांना कळेल, बाकीच्यांना एवढंच सांगते की हात सोडले आणि पडले नाही. पायांनी धरलं मला. खाली बँकेतली पोरगी दोराचं टोक धरून उभी होती, ती माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली. ती पडते तेव्हा दोर मी धरते. निशिगंधाताई, तुमच्या फुगडीचं गणित इथेही तेच निघालं, फक्त उभ्या दिशेने.

वजन एकच किलो कमी झालंय. जिमवाल्यांना म्हटलं उरलेले पैसे परत द्या, ते म्हणाले पॅकेज "फ्रीज" करून देतो. असू दे फ्रीजमध्ये.

आणि रविवारी लेकीला घेऊन टेकडीवर जाते, ती वही नेते, झाडं सोडून फक्त कुत्री काढते (रेघोट्या दादा, तुमच्या लिंबांचं तिला सांगितलं होतं). मधे एक रविवार पाहुणे होते म्हणून जमलं नाही. पुढच्या रविवारी एक आजी म्हणाल्या, "गेल्या रविवारी दिसला नाहीत दोघी".

चहाबाज
पाच महिन्यांत?? मी निषेध नोंदवतो.

दादरकर_मल्ल
साधी अढी! पुढचा प्रकार दसरंग. व्हिडिओ टाका.

ठेचा_भाकर
व्हिडिओ नाही टाकणार. सासरचे आहेत इथं दोघेतिघे.

खडूस_आजोबा
अभिनंदन. महत्त्वाचं म्हणजे दोराचा आवाज होत नाही.

हडपसरकर_८८
उशिरा धागा वाचला. मी पण नवीन, नोकरीसाठी नांदेडहून आलोय. हडपसर, मगरपट्टा बाजूला दोरीचा मल्लखांब कुठे आहे का? वय ४४. वजन नावात आहे.

दादरकर_मल्ल
त्या बाजूचं इथल्या कोणीतरी पुणेकराने सांगा. आणि ८८ असू दे, पण तुम्ही आधी पुरलेला मल्लखांब करा, लाकडाचा. एरंडेल लावलेला असतो, जुने कपडे घालून जा नाहीतर घरी दार उघडणार नाहीत.

कोथरूडकर_जुना
हडपसर म्हणजे दिवे घाट. चढायला लागा.